नारळातला हायड्रोजन

“साहेब, आधी नमुन्यांची चकती काढून घेते, मग पूजा करा,” मी म्हणाले.

डॉ. खांबेटे यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या लॅबकोटावर रेशमी उपरणं, डाव्या हातात नारळाच्या पाण्यानं भरलेला बीकर आणि उजव्या हातात आंब्याची पानं. ते आमच्या धातू प्रयोगशाळेचे प्रमुख होते. खंडेनवमीची पूजा दरवर्षी तेच करायचे, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॉलनीच्या हॉलमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्यानही तेच द्यायचे. दोन्हीकडं गर्दी सारखीच असायची, कारण दोन्हीकडं शेवटी खायला मिळायचं.

“मगदूमबाई, चकतीनं काय बिघडतंय?”

“तीत नळीचे कीस ठेवलेत साहेब. आमच्याकडं वर्कशॉपात जॉब आधी काढून ठेवतात. पूजा मशीनची करायची, जॉबची नाही.”

“हे लेथचं दुकान नाही, बाई. ही प्रयोगशाळा आहे.”

असं म्हणून त्यांनी मंत्राला सुरुवात केली. हायड्रोजन मोजायच्या यंत्रावर आंब्याच्या पानांनी तीनदा पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मग जरा थांबले आणि उघड्या चकतीवरही तीनदा शिंपडलं. “या नळीकडे देशाचं लक्ष आहे,” ते म्हणाले. “तिलाही आशीर्वाद मिळू दे.” मागं पंधरावीस माणसं हात जोडून उभी होती. त्यातल्या निम्म्यांच्या नावामागं डॉक्टर होतं. आमचे तंत्रज्ञ सावळाराम पेडणेकर, ज्यांनी मघाशी नारळ फोडला होता, ते खोबऱ्याचे तुकडे करायला बाहेर निघून गेले होते.

मी मूळची इचलकरंजीची. वडिलांचं लेथचं वर्कशॉप, यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचे. खंडेनवमीला आमच्या घरात दिवाळीपेक्षा जास्त गडबड. लेथ घासूनपुसून लख्ख करायची, आणि पोरं फुलं घेऊन धावली की वडील ओरडायचे, “आधी जॉब काढा की रं चकमधनं, मग काय फुलं वाहायची ती वाहा.” देवाचा मान मशीनला आणि गिऱ्हाइकाचा मान जॉबला, म्हणजे मशीनवर चढवलेल्या त्याच्या तुकड्याला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कुंकवाचा कण मापात घुसला तर गिऱ्हाईक देवाला विचारायला जात नाही, आपल्याला विचारतं. हे मी चौथीत शिकले होते. खांबेटे साहेब परदेशात शिकले होते, त्यामुळं त्यांचं हे राहून गेलं असावं.

आता ती नळी कसली, ते सांगते. अणुभट्टीत झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांबलचक नळ्या असतात. आत इंधन, आणि इंधनाभोवती खूप दाबाखालचं तापलेलं पाणी. वर्षानुवर्षं त्या पाण्यातला हायड्रोजन धातू थोडा थोडा पीत राहतो. वरून काही दिसत नाही, नळी चकचकीतच असते. पण जिथं ती जरा थंड पडते तिथं तो हायड्रोजन गोळा होतो, आतल्या आत कडक थर धरतो आणि फोड येतो. जो धातू वाकायचा तो मोडायला लागतो, भाजलेल्या पापडासारखा. म्हणून अधूनमधून नळीच्या आतून नखाएवढा कीस खरवडून आणायचा आणि त्यात हायड्रोजन किती ते मोजायचं. ते काम माझं. मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं आणि मी अजून प्रोबेशनवर होते.

किनाऱ्यावरची ती भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. दिवाळीत एक मंत्री येऊन बटण दाबणार आणि ती पुन्हा सुरू होणार, असं ठरलेलं. मंडप घालायचं कंत्राटसुद्धा देऊन झालं होतं. राहिला होता फक्त आमचा आकडा, आणि तो काय येणार हेही सगळ्यांना आधीच माहीत होतं, कारण तो खांबेटे सूत्रानं काढलेला होता. खांबेटे सूत्र म्हणजे साहेबांनी तरुणपणी मांडलेलं गणित: कोणती नळी किती वर्षांत किती हायड्रोजन पिईल. त्या सूत्राप्रमाणं आमच्या नळ्या तीस वर्षं धडधाकट राहणार होत्या. साहेबांच्या केबिनमध्ये ते सूत्र चौकटीत लावलेलं होतं, आणि त्यालाही खंडेनवमीला हार असायचा.

दसऱ्याची सुट्टी संपली. मी चकतीतले कीस घेतले, नेहमीप्रमाणं आधी पाण्यात, मग अॅसिटोनमध्ये धुतले, सुकवले, वजन करून एकेक यंत्रात सोडला. आकडा आला सूत्राच्या चौपट. मला वाटलं यंत्र बिघडलं. ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो असा नमुना घालून पाहिला, यंत्र ठणठणीत होतं. दुसरा कीस घातला. चौपट. तिसरा घातला, तोही चौपट. पेडणेकर माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होते.

“बाय, ह्या काय झाला?” त्यांनी हळूच विचारलं.

“नळीनं हायड्रोजन प्यायलाय, काका. भरपूर प्यायलाय.”

मी आकडे घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. एखाद्याला हरवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडावी तसा.

“नारळ,” ते म्हणाले.

“काय साहेब?”

“नारळाचं पाणी, मगदूमबाई. पाण्यात हायड्रोजन, साखरेत हायड्रोजन, खोबरेल तेलात हायड्रोजन. नमुन्यांवर नारळाचं पाणी पडलं. हे आकडे नळीचे नाहीतच, नारळाचे आहेत.”

“पण मी धुतलेत ना ते.”

“धुऊन काय होतंय? दोन दिवस ते तसेच पडून होते. धातूनं शोषून घेतलं.”

मी म्हणाले, “साहेब, आपल्या सूत्राप्रमाणं तीनशे अंश तापमानात वर्षानुवर्षं उभी राहूनसुद्धा नळी जवळजवळ काही पीत नाही. मग थंडगार खोलीत दोन दिवसांत नारळाचं पाणी एवढं कसं प्यायली?”

त्यांनी आकड्यांच्या कागदाची घडी घातली. “तुमचं प्रोबेशन कधीपर्यंत आहे?” त्यांनी मायेनं विचारलं.

“मार्चपर्यंत.”

“बरं, बरं. या आता.”

मी दाराशी पोचले तेव्हा त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली असावी. नारळाचं पाणी म्हटलं की भट्टीची सुरक्षा समिती विचारणार, ते शिंपडलं कुणी? वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्यानं देणाऱ्या प्रमुखांनी अणुभट्टीच्या नमुन्याची षोडशोपचारे पूजा केली, हे काही दिल्लीला कळवण्याजोगं नव्हतं. नळी खराब म्हणावं तर सूत्र जातं आणि नळी चांगली म्हणावं तर अब्रू जाते, अशी पंचाईत. पण साहेब प्रमुख उगीच झालेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खायला बसले तर पेडणेकर समोर येऊन बसले आणि डबा न उघडताच बसून राहिले. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत माणसानं एक बीकर फोडला नव्हता. मालवणजवळच्या घरचा नारळ दर खंडेनवमीला पिशवीत घालून स्वतः घेऊन यायचे. बाजारातला नारळ देवाला चालत नाही असं नव्हे, पण पेडणेकरांना चालत नव्हता.

“सायब म्हणाले, लिहून द्या,” ते म्हणाले. “मी परवानगी न घेता नमुन्यांवर पाणी शिंपडला म्हणून. सोमवारी समितीसमोर सही करूची.”

“आणि मग?”

“मग चौकशी. सायब म्हणाले, नुसती समज देऊन सोडू. पण आस्थापनाचो माणूस म्हणालो, निलंबन होतला.”

“तुम्ही शिंपडलं नाही, काका. तुम्ही बाहेर होता. सगळ्यांनी बघितलंय साहेबांनी शिंपडलं ते.”

“सगळ्यांनी बघितला,” ते म्हणाले, “पण बोलतलो कोण?”

खरं होतं. साहेबांचा रोख पेडणेकरांवर आहे हे सकाळीच कानावर आलं होतं, आणि मी चौघांना विचारून आले होते. एकानं त्या वेळी डोळे मिटले होते, भक्तीनं. दुसऱ्याच्या डोळ्यांत उदबत्तीचा धूर गेला होता. तिसऱ्याला आठवत होतं, पण त्याची बढती डिसेंबरात होती. चौथे म्हणाले, “अहो, पेडणेकरांचं काय एवढं, ते तर निवृत्तच होतायत.” मला इतका संताप आला की मी त्यांचा चहा तसाच टाकून उठले.

पण पेडणेकरांना दुसरंच काही खात होतं. ते खाली बघत म्हणाले, “बाय, नारळ तर माजोच होतो ना? झाड बापाशीन लावलेला. पाणी जास्तच गोड हा तेचा. तेच्यामुळा जर भट्टी बंद पडली, तर माजीच चूक नाय काय?” बिचारा माणूस कालपासून धड जेवला नव्हता, आपल्या नारळानं देशाची वीज अडवली म्हणून. मी त्यांच्या पुढ्यात माझी भाकरी सरकवली आणि म्हणाले, “जेवा. आणि सही करू नका.”

“सायबांका नाय म्हणू? तीस वर्सांत कधी म्हटला नाय.”

“नाही म्हणू नका. फक्त मी सांगेन तेवढं करा.”

मग मी सुरक्षा समितीच्या अध्यक्षांच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं बोलून आले. डॉ. फर्गोज वसईचे. उंच, हडकुळे, आणि हसले तरी समोरच्याला कळू नये अशा चेहऱ्याचे. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, “तुमची खात्री आहे?” मी म्हणाले, “साहेबांना मी लग्नात भटजीचे मंत्र दुरुस्त करताना बघितलंय, सर. नवरानवरी ताटकळत उभी होती.” त्यांनी मान हलवली आणि डायरीत काहीतरी लिहिलं.

सोमवारी समिती बसली. खांबेटे साहेबांनी निवेदन केलं: एका तंत्रज्ञाच्या अंधश्रद्धेमुळं नमुने दूषित झाले, सबब आकडे रद्द समजावेत, सूत्राचा आकडा ग्राह्य धरावा आणि भट्टी ठरल्याप्रमाणं दिवाळीत सुरू करावी. अंधश्रद्धा हा शब्द त्यांनी इतक्या कळवळ्यानं उच्चारला की दोघातिघांनी माना डोलावल्या.

“नवीन कीस काढून मोजता येतील का?” फर्गोजनी विचारलं.

“कीस खरवडायचं हत्यार दुसऱ्या भट्टीवर गेलंय, परत यायला जानेवारी उजाडेल,” भट्टीकडून आलेला अधिकारी म्हणाला. “आणि मंडपाचं काय?”

“मग एकच मार्ग दिसतो,” फर्गोज म्हणाले. “कोऱ्या, न वापरलेल्या नळीचे कीस घेऊ. निम्म्यांची पूजा करू, निम्म्यांची नाही करायची. दोन दिवस ठेवू, त्याच पद्धतीनं धुऊ, आणि मोजू. नारळातून किती हायड्रोजन येतो ते कळेल. मला या पूजेतलं काही कळत नाही, म्हणून सगळं अगदी त्या दिवशीसारखंच व्हायला हवं.”

खांबेटे साहेबांना नाही म्हणता येईना. प्रयोगाला नाही म्हणणारा शास्त्रज्ञ कसा दिसेल? शिवाय नारळ दोषी ठरणार याची त्यांना खात्री होती. त्यांनी होकार दिला. पेडणेकरांची सही प्रयोग होईपर्यंत थांबली.

मग आठवडाभर आमच्या संस्थेत जे चाललं होतं, ते आजही आठवलं की मला एकटीलाच हसू येतं. खरेदी विभागानं विचारलं, नारळ उपभोग्य वस्तूत धरायचा की उपकरणात. मग नारळ त्याच झाडाचा हवा की त्याच जातीचा चालेल, यावर अर्धा दिवस गेला. शेवटी पेडणेकरांच्या भावानं एसटीनं त्याच झाडाचा नारळ पाठवला. वाटेत बदलला जाऊ नये म्हणून त्याला सील लावलेलं होतं. एका सदस्यानं कुंकवाची शुद्धता तपासून घेतली. ज्या माणसांनी खऱ्या नळीचा आकडा एकदाही नीट वाचला नव्हता, त्यांनी नारळाच्या शेंडीची लांबी मोजली. काम असं मन लावून करताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी सगळे यंत्राभोवती जमले. कोऱ्या किसांची चकती जागेवर ठेवली. फर्गोज वही उघडून उभे. मी घड्याळ घेऊन बाजूला, आणि पेडणेकर नारळ घेऊन पुढं. खांबेटे साहेब हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते, आपला याच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं.

“पेडणेकर,” फर्गोज म्हणाले, “निवेदनात लिहिलंय की त्या दिवशी पूजा तुम्ही केलीत. तशीच करा.”

पेडणेकरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि त्यांच्या गावात म्हणतात तसं गाऱ्हाणं घालायला लागले.

“बा देवा म्हाराजा...”

“होय म्हाराजा,” मागून चारपाच जण नकळत म्हणाले. आमच्याकडं निम्मा स्टाफ कोकणातला.

“आज ह्या ठिकाणाक ही लेकरा जमली हत, तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“ह्या मशिनीत जा काय वाकडा असात ता दूर कर, जो कोण आडो येयत तेका वाटेर हाड रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” या वेळी तर समितीचे सदस्यही म्हणाले.

खांबेटे साहेबांची हाताची घडी सुटली. त्यांना ते गाऱ्हाणं झोंबत होतं, स्पष्ट दिसत होतं. पेडणेकरांनी नारळ फोडला आणि पाणी ओंजळीत घेऊन थेट यंत्रावर उडवलं.

“अहो, हातानं नाही,” साहेब भिंतीपाशीच म्हणाले. “आंब्याची पानं घ्या.”

पेडणेकरांनी डाव्या हातात पानं घेतली.

“डावा नाही, डावा नाही. आणि पाणी आधी बीकरमध्ये.” साहेब दोन पावलं पुढं आले. “संकल्प कुठाय? आधी संकल्प करतात, मग प्रोक्षण. आणि हळद आधी, कुंकू नंतर. तुम्ही उलटं करताय.”

“माका ता येणा नाय, सायब,” पाणी बीकरमध्ये ओतत पेडणेकर म्हणाले. खरंच येत नव्हतं.

“मग कशाला हात घालता? द्या इकडे.”

आणि साहेबांनी त्यांच्या हातातून बीकर घेतला. खिशातला रुमाल उपरण्यासारखा खांद्यावर टाकला, खणखणीत आवाजात मंत्र सुरू केला, यंत्रावर तीनदा शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग नेमके त्या दिवशीसारखेच जरा थांबले, आणि चकतीवर तीनदा. पाठ असलेली गोष्ट माणूस करायला लागला की त्याला थांबता येत नाही.

“म्हणजे त्या दिवशी हे असं झालं होतं?” फर्गोजनी विचारलं.

“अगदी असंच,” साहेब समाधानानं म्हणाले. “एक अक्षर इकडचं तिकडं नाही.”

फर्गोजनी वहीत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, “पूजा, त्या दिवशी आणि आज, डॉ. खांबेटे यांच्या हस्ते.” साहेबांच्या हातातल्या पानांवरून पाणी टपटपत राहिलं. मग पेडणेकरच पुढं झाले आणि त्यांनी साहेबांच्या हातातून बीकर हळूच काढून घेतला, सांडू नये म्हणून.

मी फर्गोज सरांना त्या दोन मिनिटांत एवढंच सुचवलं होतं: पूजा पेडणेकरांकडून करवून घ्या आणि खांबेटे साहेबांना समोर उभं करा. बाकी काही करायची गरज नव्हती. हा माणूस दुसऱ्यावर आळ घेऊ शकत होता, खोटं निवेदन लिहू शकत होता, पण चुकीची पूजा बघत गप्प उभा राहू शकत नव्हता.

पेडणेकरांच्या चौकशीचा कागद त्याच दुपारी फाडला गेला. पण आकडा अजून बाकी होता. दोन दिवसांनी कीस धुऊन मोजले. समिती पुन्हा जमली. पूजा केलेल्या किसांत आणि न केलेल्या किसांत हायड्रोजन सारखाच. कोऱ्या धातूत असायचा तेवढा, म्हणजे नावाला. म्हणजे नारळ निर्दोष आणि नळीच खराब. मी आकडे फळ्यावर लिहिले आणि बाजूला झाले. खांबेटे साहेब फळ्याजवळ गेले, चष्मा वर करून बघितलं, आणि काय सांगायचं, त्यांचा चेहरा पुन्हा उजळला.

“थांबा,” ते म्हणाले. “सारखा नाही. पूजा केलेल्यात किंचित कमी आहे.”

“एवढा फरक यंत्राचाच असतो, साहेब,” मी म्हणाले.

“कमी तो कमीच. तीनही किसांत कमी आहे. हा योगायोग म्हणायचा का? त्यात काहीतरी शास्त्र असणार. मी तर म्हणतो, यावर एक शोधनिबंध होईल.” दोघं सदस्य विचारात पडल्यासारखे दिसायला लागले. एकानं तर वही काढली. भट्टीकडचा अधिकारी म्हणाला, “मग सुरू करायची ना?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी वडिलांची मुलगी, गिऱ्हाईक वेड्यासारखं बोललं तरी त्याच्याच मापानं त्याला मोजायचं.

“साहेबांचं मान्य करू,” मी म्हणाले. “पूजा केल्यानं हायड्रोजन कमी होतो. पण मग भट्टीतल्या किसांचीही पूजा झाली होतीच की, साहेबांच्याच हातची. आणि तरी चौपट आला. म्हणजे पूजेविना मोजला असता तर आणखी जास्त आला असता. पाचपट धरायचा का?”

फर्गोज पेन उघडून म्हणाले, “मिनिट्समध्ये कोणता लिहू, डॉक्टर? चौपट की पाचपट?”

साहेब खुर्चीत बसले. “चौपट,” ते म्हणाले.

भट्टी सुरू झाली नाही. मंत्री मात्र आले, कारण मंडप तयार होता आणि बटणही तयार होतं. ते बटण कॉलनीतल्या कारंज्याला जोडलं आणि मंत्र्यांनी दाबलं. कारंजं उडालं, टाळ्या पडल्या, आणि देशाच्या ऊर्जेबद्दल छान भाषण झालं.

जानेवारीच्या शेवटी ती नळी बाहेर काढून आमच्याकडं आणली. जाड काचेच्या पलीकडं यांत्रिक हातांनी तिची बांगडीसारखी एक कडी कापली आणि दोन जबड्यांत दाबली. कोरी नळी असती तर अंडाकृती झाली असती. हिला जरा दाब दिला नाही तोच ती मोडली. कापलेल्या जागी घासून तेजाब लावून बघितलं तर आत काळ्या रेघांचं जाळं, आणि एका जागी मसुराएवढा फोड. दिवाळीत बटण दाबलं असतं तर पुढं काय झालं असतं, ते त्या फोडाकडं बघूनच कळत होतं. बाजूला खांबेटे साहेब काचेला कपाळ टेकवून उभे होते, आणि कितीतरी वेळ त्यांनी कपाळ उचललं नाही.

पेडणेकर मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “म्हणजे नारळ माजो चांगलोच होतो.”

“चांगलाच होता, काका.”

“मगे बरा,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. त्या रात्री म्हणे त्यांनी घरी सोलकढी करायला सांगितली; तीन महिने घरच्या जेवणात नारळ घालू दिला नव्हता.

मार्चमध्ये माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, “स्वभाव.” खांबेटे सूत्राची सुधारित आवृत्ती निघाली, तीत चौपट आकडा बरोबर बसत होता, आणि साहेबांना त्याबद्दल एक पदकही मिळालं. मी दोन दिवस चिडले आणि मग कामाला लागले. सगळ्या नळ्या बदलायच्या होत्या, आणि सगळ्यांचे कीस माझ्याकडंच येणार होते.

पुढच्या खंडेनवमीला सगळे पुन्हा यंत्राभोवती जमले. मला वाटलं होतं या वर्षी पूजा होणारच नाही. पण साहेब आले, लॅबकोटावर उपरणं घालून आले, हातात आंब्याची पानं. यंत्रासमोर उभे राहिले आणि तसेच थांबले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “मगदूमबाई, जॉब काढून ठेवला का?”

“काढला, साहेब.”

त्यांनी पानं ताटात ठेवली. “पेडणेकर,” ते म्हणाले, “तुमचं हे शेवटचं वर्ष. तुम्हीच करा. ते तुमचं, होय म्हाराजाचं.”

पेडणेकर गोंधळले. मग बापाच्या झाडाचा नारळ दोन्ही हातांत धरून त्यांनी डोळे मिटले. लेकरांची सेवा झाली, मशिनीचं वाकडं झालं, आणि सगळ्यांनी ठरल्याप्रमाणं होय म्हाराजा म्हटलं. वाटलं संपलं. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“आणि बा देवा म्हाराजा,” ते म्हणाले, “आकडो मोठो येवंदे नायतर बारको येवंदे. जो येयत तो आसा तसो सांगूची बुद्धी ह्या सगळ्यांक दी रे म्हाराजा.”

कुणाच्या तोंडून आवाज निघेना. डोळे मिटणारे, धूर गेलेले, बढती मिळालेले, सगळे जमिनीकडं बघत उभे. पेडणेकर नारळ धरून वाट बघत होते. उत्तर आल्याशिवाय नारळ फोडायचा नसतो.

“होय म्हाराजा,” शेवटी खांबेटे साहेब म्हणाले. एकटेच, आणि अगदी हळू. मग आम्ही सगळे म्हणालो, आणि पेडणेकरांनी नारळ फोडला.